फाशाच्या स्वाधीन निवेदक
निवेदकाच्या सर्वज्ञतेविषयी आपल्या समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली आहे. निवेदकाने आपली सत्ता बुद्ध्याच मर्यादित करण्याविषयी तितकी नाही. या प्रश्नाकडे मी वळलो तो एका खेळामुळे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र धारण करतो. उरलेले सारे जग सूत्रधार बोलून उभे करतो. पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवतो. ते साधेल की नाही हे बहुधा वीस बाजूंचा फासा ठरवतो. गेली नऊ वर्षे पाच मित्रमैत्रिणींच्या अशा एका मोहिमेचा मी सूत्रधार आहे.

माझ्या टिपणवह्यांतले कथानक फारच थोडे घडले. ज्या खलपुरुषाची मी दोन वर्षे जुळवाजुळव केली, त्याच्याशी खेळाडूंनी तह करून टाकला. रोलाँ बार्थच्या 1967 च्या प्रसिद्ध निबंधात अर्थाची सत्ता लेखकाकडून वाचकाकडे जाते. पण तेथे संहिता सिद्ध असते. येथे संहिताच नसते.

खरी कसोटी सहाव्या वर्षी लागली. एका मैत्रिणीचे पात्र, रुग्णसेवा करणारी एक भिक्षुणी, लढाईत घायाळ होऊन पडले. आम्ही पाळतो त्या नियमांनुसार अशा वेळी दर फेरीला फासा टाकावा लागतो. 10 किंवा अधिक पडल्यास यश, कमी पडल्यास अपयश. 1 पडल्यास दोन अपयशे. तिसऱ्या यशाआधी तीन अपयशे झाली की मृत्यू. एक अपयश आधीच झाले होते. सर्वांसमोर फासा पडला, 1. निकाल फिरवणे माझ्या अधिकारात होते. मी तो फिरवला नाही.

कादंबरीतील मृत्यूमागे लेखकाची योजना असते. त्यामुळे त्याला अर्थ असणार हे आपण गृहीत धरतो. हा मृत्यू निर्हेतुक होता. त्याला अर्थ देण्याचे ओझे खेळणाऱ्यांवर आले. चौघांनी तिची औषधांची पेटी उचलली. मैत्रिणीने पुढच्या बैठकीला नवे पात्र आणले, ते भिक्षुणीने बऱ्या केलेल्या एका रुग्णाचे. पुढची तीन वर्षे मोहीम तिच्या मागे राहिलेल्या रुग्णांभोवती फिरत राहिली.

फासा फिरवला असता तर ती वाचली असती, परंतु माझ्या मर्जीने. आणि त्यानंतरचा प्रत्येक विजयही माझ्या मर्जीचाच ठरला असता. निवेदकाचा संयम हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. इतरांच्या कृतींना परिणाम असू देणे, ही त्याची नैतिक बाजू होय.