अम्मीची जबान

सोलापूर-हैदराबाद हायवेवरचे ट्रक मध्ये नकोत, म्हणून फजरनंतर उमरग्यातल्या घरी अम्मीच्या दखनी कहाण्या रेकॉर्ड करायला बसलो. हेडफोन लावून ती दोन वाक्यं बोलली आणि अडखळली. पुन्हा तेच. "मेरी जबान अटकरी क्या रे?" ती घाबरली होती. अब्बांचा लकवा असाच बोलण्यापासून सुरू झाला होता.

दोष जिभेचा नव्हता, साउंड कार्डाच्या सेटिंगचा होता. स्वतःचाच आवाज उशिरा कानावर आला की चांगला वक्ताही अडखळतो. संगणक आवाजाचे नमुने बफरमध्ये साठवून पुढे सोडतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १,०२४ चा, म्हणजे आत येताना २१ मिलिसेकंद, बाहेर जाताना तेवढेच. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरचा उशीर वेगळा. मी एएसआयओ ड्रायव्हर टाकला, बफर १२८ वर आणला. एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत आला. आणखी खाली नेल्यावर आवाज तडतडला, म्हणून तिथंच थांबलो.

मग अम्मी सलग वीस मिनिटं बोलली.

वर्गात अडखळणाऱ्या पोरांना मी इतकी वर्षं 'नीट वाच' म्हणून दटावत आलो. आता आधी विचारतो, "बाळा, तुला नीट ऐकू येतंय ना?"