शेवटची काच

चित्रकार मनातले कागदावर उतरवतो; छायाचित्रकाराला मात्र समोर असेल तेवढेच मिळते, अशी पुष्कळांची समजूत असते. कळ दाबली की चित्र निघाले. त्यात कला ती कोणती? हा प्रश्न कानी पडला, की मला एका काळ्या आकाशाची आठवण होते. ते आकाश अमेरिकेतील योसेमिटी दरीवरचे आहे, आणि ते काळे केले ॲन्सेल ॲडम्स या छायाचित्रकाराने.

ॲन्सेलचा जन्म १९०२ साली सॅन फ्रान्सिस्को शहरी झाला. तो चार वर्षांचा असताना तेथे मोठा भूकंप झाला. मागाहून बसलेल्या एका धक्क्याने तो बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. मुलगा मोठा चंचल. वर्गाच्या चार भिंतींत त्याचा जीव रमेना. अखेर वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवले. बाराव्या वर्षी तो आपला आपण पियानो वाजवू लागला. ज्याला घडीभर एके जागी बसवत नसे, तोच आता एकेक सूर शुद्ध उमटेपर्यंत बैठक मोडीना. पुढे पियानोवादकच व्हायचे, असे त्याने मनाशी ठरवले.

१९१६ साली तो आईवडिलांबरोबर प्रथमच योसेमिटीला गेला. तेथे त्यांनी त्याच्या हाती एक साधा पेटीकॅमेरा दिला. ते उत्तुंग कडे, ते धबधबे आणि ते स्वच्छ ऊन यांनी त्याच्यावर अशी काही मोहिनी घातली, की पुढे आयुष्यभर तो दरवर्षी तेथे जात राहिला.

१० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचे ॲडम्स काही सोबत्यांसह बर्फ तुडवीत हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोहोचले. पाठीवर जड कॅमेरा होता आणि छायाचित्रे घेण्याच्या मोजक्या काचा होत्या. कड्यावर ऊन आले, तेव्हा त्यांतील दोनच उरल्या होत्या. एक काच त्यांनी भिंगावर पिवळा फिल्टर लावून वापरली. पण लगेच त्यांच्या ध्यानी आले, की या चित्रात कडा येईल, आकाशही येईल. परंतु त्या कड्यासमोर उभे असताना छाती दडपून टाकणारी जी भव्यता आपल्याला जाणवते आहे, ती काही येणार नाही.

आता एकच काच शिल्लक होती. त्यांनी भिंगावर गडद तांबडा फिल्टर चढवला. तांबडी काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळे आकाश छायाचित्रात काळोखे होते आणि शुभ्र बर्फ अधिकच उजळून दिसतो. काच धुतल्यावर त्यांना मनात पाहिलेलाच कडा दिसला. कळ दाबण्यापूर्वी पुरे चित्र मनाने पाहावे, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला.

त्या दिवशी आकाश खरोखर काळे होते काय? नव्हते. मग ते छायाचित्र खोटे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. एकच बंदिश दोन गवई गातात. बोल तेच, राग तोच, तरी प्रत्येकाच्या गळ्यातून निराळाच भाव प्रकटतो. ॲडम्स हे मुळचे संगीताचे उपासक. ते म्हणत, की निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि कागदावरची प्रत म्हणजे तिचे गायन. कड्याचा आकार त्यांनी बदलला नाही. तो पाहताना झालेला आपला आनंद त्यांनी त्यात मिसळला.

मात्र नुसत्या भावनेने हे साधत नाही. १९४१ सालच्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून जाताना त्यांना एक अपूर्व दृश्य दिसले. आकाशात चंद्र उगवला होता आणि मावळत्या उन्हात दफनभूमीतील क्रूस चमकत होते. घाईत प्रकाश मोजण्याचे यंत्र सापडेना. परंतु चंद्राची तेजस्विता किती, हे त्यांना मुखोद्गत होते. त्यावरून हिशेब करून त्यांनी एक छायाचित्र घेतले. दुसरे घेणार, तोच क्रूसांवरचे ऊन निघून गेले! लोक याला दैव म्हणतील. मी याला वर्षानुवर्षांचा रियाज म्हणतो.

त्या रियाजाचे फळ डोंगरांनाही मिळाले. १९४० साली किंग्ज कॅनियन हा रम्य प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला, त्यात ॲडम्स यांच्या छायाचित्रांचाही वाटा होता. १९८४ साली त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी सिएरा नेवाडा पर्वतातील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले.

आज कॅमेरा पुष्कळांच्या खिशात असतो आणि काचा संपण्याची चिंता कोणालाच नसते. तरीही एखादे झाड, एखादा घाट, आजीचा सुरकुतलेला हात यांचे छायाचित्र घेताना, ही आपली शेवटचीच काच आहे असे क्षणभर मानून पाहावे. मग कळ दाबण्यापूर्वी आपण नीट पाहू लागतो. आणि कलेचा आरंभ तेथेच होतो.