ॲमस्टरडॅमचं दप्तर

ॲमस्टरडॅम, मंगळवार रात्र

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

कालवे आणि सायकलींचे फोटो मोबाइलवर पाठवलेत. आजचं मात्र पत्रातच लिहिते, कारण दिवसभर तुम्ही आठवत होता.

जर्मनांच्या ताब्यात असलेलं शहर पायी दाखवणारी सहल घेतली. मे 1940 ते मे 1945, पुरी पाच वर्षं. आम्ही बाराजण, रिमझिम पाऊस आणि पुढे लाल छत्री धरलेल्या साठीच्या गाइडबाई. पहिला थांबा गोदी कामगाराचा पुतळा. फेब्रुवारी 1941 मध्ये या भागातून चारशेहून जास्त ज्यू तरुण उचलले गेले, तेव्हा 25 तारखेला ट्रामवाल्यांपासून गोदीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी काम बंद ठेवलं. पगारासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी! दोन दिवसांत तो संप चिरडला.

मग प्लांटाज केर्कलान रस्त्यावर एका दाराशी बाई थांबल्या. इथे शहराचं रहिवासी नोंदणी कार्यालय होतं. अण्णा, मी कान टवकारले. नगरपालिकेत तीस वर्षं तुम्ही जन्ममृत्यूच्या वह्या सांभाळल्यात. खाडाखोड झाली की त्या दिवशी तुम्हाला जेवण गोड लागायचं नाही. इथलं दप्तर त्याहून नेटकं. माणशी एक कार्ड, त्यावर पत्ता आणि धर्मसुद्धा. तो रकाना युद्धाच्या आधीपासूनचा, कुणाचं वाईट चिंतून आखलेला नव्हे. जर्मनांना सगळं आयतंच मिळालं. 1941 मध्ये पालिकेच्या सांख्यिकी खात्याने त्यांना नकाशाही काढून दिला, एका ठिपक्याला दहा ज्यू. ओळखपत्र तर असं, की नक्कल करणं महाकठीण. ते बनवणारा याकोब लेंट्स डचच. त्याचं प्रेम म्हणे आपल्या कामावर होतं. मला तेच जास्त भयंकर वाटलं.

27 मार्च 1943 च्या रात्री चित्रकार विलेम आरोंडेउस, शिल्पकार गेरिट वान डर वेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेषात इथे शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत निजवलं, कार्डं जमिनीवर ओतली आणि सुरुंग लावला. बंबवाल्यांनी यायला मुद्दाम उशीर केला, आणि आल्यावर कागदांवर मनसोक्त पाणी मारलं. तरी नष्ट झाली ती जेमतेम पंधरा टक्के कार्डं. पुढे बाराजणांना गोळ्या घातल्या, आरोंडेउस त्यांतलाच. गच्च बांधलेले कागद लवकर पेटत नाहीत, हे तुम्हीच सांगायचात.

इथल्या दप्तराच्या खुर्चीवर तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

तुमची धाकटी

बुधवार

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि चुटपुट लागली. तो प्रश्न विचारायला नको होता, निदान पत्रातून तरी. आज एकटीच पुन्हा त्या भागात गेले. पाऊस होताच.

इथे हॉलंड्शे स्खाऊबुर्ख नावाचं नाट्यगृह होतं. छावण्यांत पाठवण्याआधी ज्यूंना तिथे कोंडायचे, सेहेचाळीस हजारांवर माणसं. लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवायचे. नाट्यगृहाचा कारभार वॉल्टर झ्युसकिंडकडे. तोही ज्यू. तो यादीतून मुलांची नावं गुपचूप गाळायचा. रस्त्यात ट्राम आली की समोरच्या पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसत नसे. तेवढ्यात मूल काखोटीला मारून बाहेर. अशी सुमारे सहाशे मुलं वाचली. झ्युसकिंड स्वतः वाचला नाही, बायको-मुलगीही नाही. अण्णा, तुमच्या घरात वाढलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा खोट्या नोंदीला मनोमन नमस्कार केला.

तिथून दहा मिनिटांवर 2021 मध्ये उभारलेलं नावांचं स्मारक आहे. एका माणसाची एक वीट. तिच्यावर नाव, जन्मतारीख आणि मरतानाचं वय. एक लाख दोन हजारांवर विटा, आडनावांच्या क्रमाने, तुमच्या वह्यांसारख्याच. एका विटेवरचं वय वाचलं आणि पुढच्या वाचवेनात.

एक हजार विटा कोऱ्या ठेवल्यात, राहिलेली नावं सापडली तर असाव्यात म्हणून.

शनिवारी निघते. औषधं वेळेवर घ्या.

तुमची धाकटी