शून्य सायटेशन आणि कोसंबींचा खोटा संदर्भ

१/
या मालिकेत आपण आजवर नाणी, ताम्रपट, किल्ले आणि दफ्तरे यांच्याविषयी बोललो. आज इतिहास लिहिणाऱ्यांच्याच मोजदादीविषयी लिहिणार आहे. एखाद्या संशोधनाचे कर्तृत्व कोणाचे आणि त्याचा उपयोग पुढे किती जणांनी केला, हे आकड्यांत मांडण्याच्या पद्धती कशा घडल्या? विषय कोरडा वाटेल. मात्र गेल्या वर्षी हा प्रश्न मला तीन परीक्षकांसमोर विचारण्यात आला आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

२/
पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत होती. एम.ए.च्या प्रबंधिकेतून निघालेला माझा एकुलता एक लेख फाइलमध्ये वरच लावला होता: उत्तर पेशवाईतील एका कसब्याच्या बाजारातील जकातीचा हिशेब. त्यावर दोन प्रश्न झाले. तिसऱ्याची मी उत्सुकतेने वाट पाहत होते. परीक्षकांनी विचारले, "सायटेशन किती?" म्हणजे, या लेखाचा संदर्भ इतर किती लेखांनी दिला? मी म्हणाले, "एकही नाही, सर." त्यांनी समोरच्या तक्त्यात शून्य मांडले आणि फाइल मिटली.

३/
प्रवेश मिळाला नाही. आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. या दोन्हींचा भर ओसरल्यावर इतिहासाच्या विद्यार्थिनीला सुचावा तो प्रश्न सुचला: हा तक्ता आला कुठून? कोणतेही साधन हाती आले की ते कोणी आणि कशासाठी निर्माण केले, हे आपण आधी विचारतो. परीक्षकांच्या तक्त्यालाही तोच नियम लावायला हवा.

४/
त्याचे मूळ वकिलांच्या कचेरीत सापडते. न्यायालयाचा जुना निवाडा आधार म्हणून मांडायचा, तर तो नंतर कोणी उचलून धरला की मोडीत काढला, हे ठाऊक असावे लागते. १८७३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी ही माहिती डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून विकायला सुरुवात केली. वकील त्या चिठ्ठ्या निवाड्यांच्या ग्रंथांत समासात चिकटवीत. पुस्तकाची नेहमीची संदर्भसूची मागे पाहते. शेपर्ड यांची सूची पुढे पाहत होती.

५/
हीच कल्पना यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानाला लावली. १९५५ मध्ये त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात तिचा आराखडा मांडला आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. हेतू शोधण्याचा होता: हाती असलेल्या जुन्या लेखावर पुढे कोणी काय लिहिले, त्यातील चूक कोणी दाखवली, हे कळावे. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफील्ड आणि अर्विंग शेर यांनी सरासरी संदर्भांचे एक माप केले. तोच 'इम्पॅक्ट फॅक्टर'. नियतकालिके निवडण्यासाठी केलेले हे माप पुढे माणसे निवडण्यासाठी वापरले जाऊ लागले.

६/
कर्तृत्व मोजण्याची कथा याहून जुनी आहे. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटका यांनी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या लेखकसूचीतील नावे मोजली आणि दाखवले की बहुसंख्य लेखक आयुष्यात एकच लेख लिहितात. पुष्कळ लिहिणारे मूठभर असतात. हा नियम आजही शिकवला जातो. पण लोटका यांनी मोजणी कशी केली पाहा: लेख अनेकांनी मिळून लिहिला असेल, तर सारे श्रेय ज्येष्ठ लेखकाच्या खात्यावर टाकले. उरलेली नावे मोजणीत आलीच नाहीत. उलट टोक २०१५ मध्ये दिसले. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील एका भौतिकशास्त्रीय लेखावर ५,१५४ लेखकांची नावे होती. लेख ३३ पानांचा; त्यांतील २४ पाने लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या यादीनेच भरलेली.

७/
२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी संशोधकाचे सारे आयुष्य एका अंकात बसवले. तुमच्या किमान दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, तर तुमचा 'एच-इंडेक्स' दहा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांची पद्धत आणली: लेखाला गुण, अधिक इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकाला वाढीव गुण. गुणांना भाव आला, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासगटाने 'करंट सायन्स'मध्ये दाखवले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून मान्य यादीत शिरलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात. त्यानंतर आयोगाने 'केअर' यादी केली. २०२५ मध्ये तीही बंद केली.

८/
एवढे वाचून झाल्यावर मी एक खेळ केला. ज्यांच्या पुस्तकांनी मला या विषयाकडे ओढले, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांना हे माप लावून पाहिले. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारे कोसंबी आपल्याला १९५६ मधील 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी'मुळे ठाऊक आहेत. त्यांच्यापुढे हे माप तीन ठिकाणी अडखळले.

९/
पहिले ठिकाण: संदर्भ. १९३०-३१ च्या सुमारास अलिगढला फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल अध्यापक होते. कोसंबींची एका सहकाऱ्याशी कुरबूर चालली होती. त्याची खोड मोडण्यासाठी वेल यांनी एक युक्ती सुचवली आणि कोसंबींनी संयुक्त प्रांतातील विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'वर गंभीर चेहऱ्याने लेख लिहिला. हा बुर्बाकी म्हणे क्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेलेला रशियन गणितज्ञ. असा माणूस कधी नव्हताच. पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच आडनावाने एकत्रितपणे ग्रंथ लिहिले आणि निकोलस बुर्बाकी हे विसाव्या शतकातील गणितातले एक मोठे नाव झाले. गणिताच्या छापील वाङ्मयात त्याचा पहिला संदर्भ आपल्या कोसंबींचा, आणि तोही थट्टेचा. मोजणाऱ्या यंत्राला तो संदर्भ खराच दिसणार.

१०/
दुसरे ठिकाण: कर्ता. १९६० च्या दशकात कोसंबींनी अविभाज्य संख्यांवरील काही लेख 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या खात्यात ते लेख कोसंबींच्या नावावर जमा होणार नाहीत. एकीकडे एका नावामागे अनेक माणसे, दुसरीकडे एका माणसामागे दोन नावे. नाव म्हणजे माणूस, या गृहीतावर उभी असलेली मोजणी दोन्हीकडे चुकते.

११/
तिसरे ठिकाण: विसर. १९४० च्या दशकात कोसंबींनी आनुवंशिकीत एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्यासाठी ते 'कोसंबी फंक्शन' म्हणून आजही वापरतात. भात-गव्हाच्या जनुकांचे नकाशे काढणारे कित्येक अभ्यासक संगणकप्रणालीत 'कोसंबी' हा पर्याय निवडतात, पण मूळ लेखाचा संदर्भ देत नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला नाव दिले आहे. त्याचा आशय असा: कल्पना सर्वांच्या अंगवळणी पडली की तिच्या कर्त्याची नोंद पुसली जाते. म्हणजे उपयोग टोकाला पोहोचला की संदर्भांची संख्या घटू शकते.

१२/
मग मोजूच नये का? इथे कोसंबींचेच दुसरे काम आठवले. त्यांनी आहत नाण्यांची वजने काटेकोरपणे केली, एक-दोन नव्हे, हजारो. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितका काळ फिरले तितके वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढते. म्हणून एका साठ्यातील गटांची सरासरी वजने पाहून कोणता गट आधीचा हे सांगता येते. पण ते थेट प्राचीन नाण्यांकडे गेले नाहीत. आपल्या काळातील चलनी नाणी गोळा करून, ती खरोखर तशीच झिजतात का, हे त्यांनी तपासले. खूण कशी उमटते हे आधी समजून घेतले आणि मगच ती मोजली.

१३/
संदर्भांच्या बाबतीत ही पायरी आपण गाळली आहे. एक संदर्भ का उमटतो? कधी खऱ्या ऋणातून, कधी खंडनासाठी, कधी मार्गदर्शकांना बरे वाटावे म्हणून, कधी थट्टेने. तक्त्यात सगळ्यांचे मोल सारखेच, एक. इतिहासात तर साधनांचे खंड आणि मराठी नियतकालिकांतील टिपणे या सूचींच्या कक्षेत क्वचितच येतात. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी एक नेमके हेच सांगते: स्थानिक महत्त्वाच्या उत्तम संशोधनाला मोजमापात संरक्षण हवे. हे वाचून मला फार बरे वाटले. आपली बाजू न्यायाची आहे असे वाटले.

१४/
आणि मग मी माझाच लेख पुन्हा उघडला.

जकातीच्या त्या मोडी कागदातील रकमांची बेरीज माझ्याकडून जुळत नव्हती. चार दिवस गेले. दफ्तरखान्यात शेजारच्या मेजावर एक वयस्कर गृहस्थ बसत. निवृत्तीनंतर लोकांना मोडी कागद वाचून देत. सारे त्यांना काका म्हणत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारले, "काय अडलंय, बाळ?" मी कागद पुढे केला. त्यांनी भिंग धरले. "आकडे बरोबर वाचलेस. पण या रेघा कुठे टाकल्यास?" रुपयाच्या आकड्यापुढच्या उभ्या रेघा: एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पुसट शाईत त्या मला नुसते विरामदंड वाटल्या होत्या.

१५/
बेरीज जुळली. एवढेच नव्हे, त्या वर्षी जकात घटली असा जो निष्कर्ष मी काढत होते, तो उलटला. लहान रकमांच्या लांबलचक यादीत पावल्या गळल्यामुळेच ती घट दिसत होती. माझ्या लेखात काही अर्थ असेल, तर तो त्या तीन रेघांत आहे.

लेखाला ४१ तळटीपा आहेत. काकांचे नाव एकाही टीपेत नाही. शब्दमर्यादा ओलांडली तेव्हा ऋणनिर्देशाचा परिच्छेद मी स्वतःच्या हाताने कापला होता. त्याच लेखात एका इंग्रजी ग्रंथाचा संदर्भ दोनदा आहे. तो मी नुसता चाळला होता, पण परीक्षकांना तो दिसावा असे वाटले म्हणून घातला. त्या ग्रंथकर्त्याच्या खात्यात माझ्याकडून एकाची भर पडली. काकांच्या खात्यात शून्य. ते कोणा परीक्षकाने मांडले नव्हते.

१६/
गेल्या महिन्यात लेखाची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि हे सगळे सांगितले. त्यांनी चष्मा लावून थेट तक्त्याचे पान काढले, रकमांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "पावल्या बरोबर छापल्यात. बरं झालं." नावाचा विषय मी पुन्हा काढला, तर म्हणाले, "टीप देणार असशील तर त्या कागदाच्या रुमालाचा क्रमांकही नीट दे. मागे चुकलाय." पाहिले, तर खरोखर एक अंक चुकला होता. दोन वर्षांत माझा लेख कोणीतरी बारकाईने तपासून त्यातील चूक दाखवली, ती ही पहिलीच वेळ. गारफील्ड यांना त्यांच्या सूचीतून हेच साधायचे होते.

१७/
यंदा मी पुन्हा अर्ज करणार आहे. प्रश्न तोच येईल आणि उत्तरही बहुधा तेच असेल. त्याबद्दलची माझी तक्रार अजून संपलेली नाही. एका अंकावर माणूस पारखणे मला आजही चूक वाटते. पण नव्या मसुद्यात सातवी तळटीप बदलली आहे. तिथे रुमालाचा दुरुस्त क्रमांक आहे आणि पुढे लिहिले आहे की या रकमांचे वाचन कोणाचे. शब्दमर्यादेसाठी इंग्रजी ग्रंथाचे दोन्ही संदर्भ काढले.

तुमच्या हाती पुढचे इतिहासाचे पुस्तक येईल, तेव्हा संदर्भसूचीआधी ऋणनिर्देशाचे पान वाचा. कागद कोणी वाचून दिला, नकाशा कोणी काढला, गावात वाट कोणी दाखवली, हे तिथे आढळते. आणि तुम्ही स्वतः लिहिणार असाल, तर कोणाचे नाव गळले आहे, ते छापण्याआधी तपासा.

१८/
पुढील धागा त्या रेघांवरच: पाव, अर्धा, पाऊण आणि आणे जुन्या मराठी हिशेबांत कसे लिहीत, आणि ते वाचताना कुठे फसगत होते. तुमच्या घरी जुने मोडी हिशेब असतील, तर अडलेल्या ओळी जरूर कळवा. मी काकांना दाखवीन, आणि वाचन त्यांच्याच नावाने देईन.