मूडलमास्तर

बडनेऱ्याला उतरणारी बहुतेक माणसं गाडी बदलायला उतरतात. मुंबई-नागपूर लाइन सोडायची, अमरावतीची गाडी धरायची आणि निघायचं. मूडलमास्तर उतरला तो इथलाच झाला. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथल्या जुनाट सर्व्हरमध्ये त्याचा मुक्काम. कागदोपत्री तो एलएमएस, म्हणजे नोट्स, असाइनमेंट, चाचण्या, मार्क असा वर्गाचा सगळा संसार सांभाळणारा. पोरं त्याला नुसतं ‘मूडल’ म्हणतात, तेही बहुधा वैतागून.

जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. त्याला घडवणाऱ्या मार्टिन डुगियामसचं लहानपण तिकडच्या वाळवंटी भागात गेलं. शाळा इतकी लांब, की धडे रेडिओवरून यायचे. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची विकतची प्रणाली सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. तिच्याशी त्याचं पटेना. मग त्यानं स्वतःचीच लिहायला घेतली आणि 20 ऑगस्ट 2002 रोजी तिची 1.0 आवृत्ती कोडसकट लोकांसमोर ठेवली. हवी त्यानं न्यावी, मोडावी, जोडावी. वेबसीटीला 2006 मध्ये ब्लॅकबोर्ड कंपनीनं विकत घेतलं आणि ते नाव पुढे पुसलं गेलं. मास्तरचा कोड मात्र आता जगभर इतक्या ठिकाणी पोचलाय, की कुणी ठरवलं तरी तो परत गोळा करता यायचा नाही.

आमच्याकडे त्याची निवड झाली ती काही गुणांवर भाळून नव्हे. मूल्यांकनाला नॅकची टीम येणार म्हटलं की कॉलेजांना एलएमएस आठवायचा, कारण तो किती शिक्षक वापरतात हे अर्जात लिहावं लागायचं. समिती बसली. कंपन्यांची माणसं टाय लावून आली, पडद्यावर रंगीत आलेख हलले. सगळ्यांचे गुण मांडलेला एक तक्ता झाला आणि त्यात सगळ्यांच्याच सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण पडली. असल्या तक्त्यातून एलएमएस निवडता येत नाही, हे तेव्हाच दिसत होतं. निवृत्तीला आलेल्या आमच्या एका मॅडमनी एका विक्रेत्याला शांतपणे विचारलं, “आन उद्या तुमची कंपनी बुडाली, त आमच्या पोराइचे मार्क कुठी जातीन?”

“मॅडम, सगळं क्लाउडवर असतं.”

“म्हंजे कोनाच्या घरी?”

त्याच्यापाशी उत्तर नव्हतं.

गूगल क्लासरूमही स्पर्धेत होती. 2014 ची, चुणचुणीत, पाच मिनिटांत वर्ग मांडून देणारी. ऑगस्ट 2020 मध्ये राज्य सरकारनंही शाळांसाठी तिचा हात धरला होता. बऱ्याच शिक्षकांचा जीव अजून तिच्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर लहानशा क्लासला तीच बरी. पण दुसऱ्याच्या घरी राहायचं म्हणजे अटी त्याच्या. शिक्षणसंस्थांना गूगल आधी अमर्याद साठवण देत होतं. जुलै 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट. आमच्यासारख्यांना तेवढी खंडीभर झाली. प्रश्न जागेचा नव्हता, ती कमी करताना आपल्याला कुणी विचारत नाही याचा होता.

तर मास्तर फुकट म्हणून मंजूर झाला. दानात मिळालेल्या गायीलाही कडबा विकतच आणावा लागतो, हे मात्र त्या दिवशी समितीत कुणी बोललं नाही.

दिसायला तो अगदीच साधा. असाइनमेंटचं एक पान उघडा, तर इतके प्रश्न विचारतो की नवा शिक्षक तिथंच खुर्ची मागे सारतो. पण त्यातल्या दोन प्रश्नांसाठी मी त्याला मानतो. तो दोन तारखा मागतो. पहिली ड्यू डेट. ती उलटली तरी तो काम घेतो, पण शेजारी लाल अक्षरांत लिहून ठेवतो: इतके तास, इतकी मिनिटं उशीर. दुसरी कट-ऑफ. ती गेली की दार बंद, मग प्राचार्यांचा पुतण्या असो की कुणाचा कोण. आपल्याकडची मुदत एक तर कागदावर लोखंडी असते, नाहीतर “घ्या ना सर, काय होते” म्हटलं की वितळते. मास्तर आधी लाज देतो आणि मगच शिक्षा.

एकदा मात्र त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहून गेलं होतं. रात्री 11:59 ची मुदत आमच्याकडे पहाटे 5:29 ला संपायची. पोरांना हे शिक्षकांच्या आधी कळलं, आणि एरवी कँटीनच्या चहावरून मोर्चा काढणाऱ्या कॉलेजात एकानंही तक्रार केली नाही.

आहार मोजका. मास्तर ज्या पीएचपी भाषेत लिहिलाय, तिच्या मूळ सेटिंगमध्ये एका फायलीला 2 एमबीची मर्यादा असते. ती कुणी वाढवली नाही, तर मास्तर तेवढाच घास घेतो. जर्नलची पानं फोनवर टिपून पोरं पीडीएफ करतात, ती होते 9 एमबीची. “सर, घेऊनच नाही राह्यलं ते!” लॅबमधून आरोळी येते. मर्यादा वाढवणं दोन ओळींचं काम आहे, पण त्या दोन ओळी कुठल्या फायलीत आहेत हे माहीत असलेला माणूस लागतो.

मराठीशी त्याचं वैर नाही, मात्र मराठी युनिकोडमधली हवी. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव फाँटमध्ये टंकलेल्या. त्यातला ‘मराठी’ हा शब्द उचलून मूडलमध्ये चिकटवला, तर पडद्यावर रोमन लिपीत ई, जे, के, बी, एच उमटतं. पंचवीस वर्षांची प्रश्नपेढी अशी एका दुपारी अगम्य झाली. दोष मास्तरचा नव्हता. कृतिदेवनं इंग्रजी अक्षरांवर नुसता मराठी मुखवटा चढवलेला असतो. मास्तरसमोर तो गळून पडला एवढंच. प्रश्न भरण्याचीही त्याची रीत आहे. साध्या नोटपॅडमध्ये प्रश्न, खाली ए, बी, सी, डी आणि शेवटच्या ओळीत ‘आन्सर’ हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये. कॅपिटल चुकलं की तो प्रश्न घेत नाही. जुन्या वळणाचा माणूस!

स्मरणशक्ती भीती वाटावी अशी. कुणी कुठली फाइल किती वाजता उघडली, सगळं त्याच्या नोंदीत. उन्हाळी परीक्षेच्या आदल्या रात्री दोन-अडीचला अख्खं सेमिस्टर पहिल्यांदाच उघडलेलं दिसतं. काही सहकारी या नोंदींवरून हजेरीचे मार्क द्यायला निघाले होते; मला ते पटलं नाही. फाइल उघडली एवढंच मास्तरला कळतं. ती वाचली का, हे त्याला कळत नाही, आणि कळतं असा आवही तो आणत नाही.

त्याचं दुखणं वेगळंच आहे. दर मिनिटाला त्याला हाक मारून उठवावं लागतं; क्रॉन नावाचं एक छोटं काम ते करतं. क्रॉन बंद पडलं की मास्तर जागा दिसतो, पण सूचनांचे मेल जात नाहीत. वीज जाऊन आली की पहिली शंका तीच. त्यात मे महिना. पारा 45 ला टेकला, त्या खोलीतला एसी बसला, की मास्तरही बसतो. त्याची सगळी नाडी एका कंत्राटी लॅब असिस्टंटच्या हाती होती. त्या पोराला पुण्यात नोकरी लागली, पेढे वाटून तो गेला आणि ॲडमिनचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. लगेच सूर निघाला, मूडल काही कामाचं नाही, विकतचं घेऊ.

विकतचं घ्यायला माझी ना नाही. नांदगावपेठच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला कामगारांचे सुरक्षेचे धडे द्यायचे असतील आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल, तर त्यानं पैसे मोजून दुसऱ्याच्या गळ्यात ते काम घालावं हेच शहाणपणाचं. आणि भातकुलीकडच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तर मास्तरला नेऊच नये. तिथं बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, 2017 च्या शिक्षकदिनी सुरू झालेलं ‘दीक्षा’ आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. पण आमच्या तक्त्यात एवढे रकाने होते, त्यात ‘बॅकअप कोण घेणार’ हा एक नव्हता, आणि तो नव्या कोटेशनांतही नव्हता.

शेवटी पासवर्ड नव्यानं बसवला. आता तो दोघांकडे असतो आणि एक प्रत प्राचार्यांच्या कपाटात. दर शनिवारी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातो. कुणी घेतला त्याची सही वहीत होते. नवी आवृत्ती चढवायची राहिली आहे. उन्हाळी परीक्षा आटोपेपर्यंत मास्तरला हात लावायचा नाही, असं ठरलंय.