तांदळातला सोंड्या आणि चौथीचा वर्ग

जेम्स थर्बर हा अमेरिकेतला नामांकित विनोदी लेखक. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकताना वनस्पतिशास्त्राच्या तासाला त्याला सूक्ष्मदर्शकातून काही म्हणजे काहीच दिसत नसे. लहानपणी भावाचा बाण लागून त्याचा एक डोळा गेला होता. बाकीची मुलं पेशींची चित्रं काढत बसायची आणि याच्यासमोर नुसता दुधाळ पांढुरका पट्टा. प्राध्यापक हट्टाला पेटले, त्यांनी भिंग पुन्हा पुन्हा वरखाली करायला लावलं. शेवटी एकदाचं काहीतरी दिसलं. ठिपके, रेषा, डाग. थर्बरने ते भराभर कागदावर उतरवलं. प्राध्यापकांनी चित्र पाहिलं आणि ते भडकलेच. भिंगात पडलेलं स्वतःच्याच डोळ्याचं प्रतिबिंब त्याने काढलं होतं.

थर्बरने हा किस्सा पुढे आपल्या कॉलेजच्या आठवणींत लिहिला आणि जग त्यावर हसलं. शिकवणाऱ्या माणसाने मात्र त्यातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विद्यार्थ्याला काय दिसतंय हे त्याने कागदावर काढून दाखवेपर्यंत प्राध्यापकांना कळायला काही मार्गच नव्हता.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे रोज घडतं. एक सूक्ष्मदर्शक, मागे तीस-चाळीस जणांची रांग, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. "दिसलं का?" "दिसलं सर." काय दिसलं? कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी, हवेचा बुडबुडा, काचेवरची धूळ की स्वतःचीच पापणी? रांग पुढे सरकते. प्राथमिकच्या मुलाची तर आणखीच पंचाईत. एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं सात-आठ वर्षांच्या पोराला जमेलच असं नाही. ते दोन्ही डोळे मिटतं, मान तिरकी करतं, हाताचा धक्का लागतो आणि काचपट्टी सरकते. म्हणूनच की काय, सूक्ष्मदर्शक हे मोठ्या वर्गांचं उपकरण ठरून गेलं आणि तिसरी ते पाचवीच्या 'परिसर अभ्यासा'त सजीवांची ओळख बरीचशी छापील चित्रांवरच भागू लागली.

डिजिटल सूक्ष्मदर्शकाने ही अडचण सोडवली. त्यात डोळा लावायची जागाच नाही. भिंगामागे छोटा कॅमेरा असतो, भोवती एलईडी दिव्यांचं कडं असतं आणि चित्र थेट पडद्यावर येतं. 1999 मध्ये इंटेल आणि मॅटेल या कंपन्यांनी मिळून 'क्यूएक्स3' नावाचा असा सूक्ष्मदर्शक खास मुलांसाठी काढला. 10, 60 आणि 200 पट अशा तीन पायऱ्या, आणि स्टँडवरून काढून हातात धरायची सोय. आज यूएसबीवर चालणारे, मुठीत मावणारे सूक्ष्मदर्शक साध्या स्मार्टफोनपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात आणि अनेक मोबाइललाही जोडता येतात. प्रोजेक्टर किंवा टीव्ही असेल तर सगळा वर्ग एकाच वेळी एकच गोष्ट बघतो. या यंत्राचा खरा मोठेपणा इथे आहे. ते वस्तू किती पट मोठी करतं, ही त्यापुढची दुय्यम बाब.

याची खात्री तांदळातल्या सोंड्यावरून पटते. घरोघरच्या डब्यात सापडणारा हा किडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पाखडताना आई त्याला सुपाबाहेर काढते, यापलीकडे मुलांचा त्याच्याशी संबंध नसतो. तो पांढऱ्या कागदावर ठेवून 20-30 पट मोठा केला की पडद्यावर एक अनोळखी प्राणी उभा राहतो. पुढे निमुळती, बाकदार सोंड. त्या सोंडेवरूनच फुटलेल्या, कोपरात वाकलेल्या दोन मिशा. तपकिरी पाठीवर बारीक खळग्यांच्या ओळी आणि चार तांबूस डाग. त्याला काडीने डिवचलं तर पाय पोटाशी घेऊन तो मेल्याचं सोंग करतो, आणि मिनिटभराने चालू लागतो. वर्गात त्या क्षणी जो गलका होतो, तो थांबवण्याची घाई कोणी करू नये.

कारण त्या गलक्यातच जीवशास्त्र सुरू झालेलं असतं. "बाई, आठ पाय आहेत!" "नाही, सहा. पुढचे दोन पाय नाहीत, त्या मिशा आहेत." "मिशा सोंडेवर कशा असतील?" पडदा सगळ्यांसमोर असल्याने हा वाद बोट दाखवून करता येतो. बाईंनी एवढंच म्हणावं, "मोजा." मग कोणीतरी भोक पडलेला दाणा घेऊन येतं. तोही भिंगाखाली जातो. मादी सोंडेच्या टोकाशी असलेल्या जबड्याने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोकाचं तोंड चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच खाऊन वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर येतो. वरून धड दिसणाऱ्या तांदळातून आठवडाभराने किडे कसे निघतात, या घरातल्या कोड्याचं उत्तर चौथीच्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी शोधलेलं असतं. हे उत्तर आधी फळ्यावर लिहून दिलं असतं, तर तो नुसता आणखी एक धडा झाला असता.

एकट्याने पाहिलेलं पुरेसं नसतं, ही गोष्ट विज्ञानाला फार आधीपासून ठाऊक आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले आणि 1676 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांच्याविषयी सविस्तर पत्र लिहिलं. तिथल्या विद्वानांना ते खरं वाटेना. तेव्हा त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवून त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. शेवटी रॉबर्ट हूकने 1677 च्या नोव्हेंबरमध्ये मिऱ्याच्या पाण्यातले हे जीव सोसायटीच्या सभासदांना प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा शंका मिटली. लेव्हेनहुकला जे मिळवण्यासाठी साक्षीदार गोळा करावे लागले, ते आजच्या चौथीच्या वर्गाला पडद्यासमोर बसल्या बसल्या मिळतं. मुलगे, मुली आणि बाई एकच गोष्ट पाहत असतात.

पावसाळ्यात शाळेजवळच्या डबक्यात किंवा टाकून दिलेल्या टायरात डासाच्या अळ्या हमखास सापडतात. त्या पसरट, पारदर्शक बाटलीत घेऊन सूक्ष्मदर्शक आडवा धरला की क्युलेक्स डासाची अळी डोकं खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेली दिसते. शेपटीकडची नळी वर हवेत, श्वासासाठी. तोंडापाशी केसांचे झुपके सतत हलत असतात, पाण्यातले कण आत ओढत. अंग पारदर्शक असल्याने पाठीखालून जाणाऱ्या हृदयनलिकेचं आकुंचनही दिसतं. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीसच्या अळीला अशी लांब नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हा फरक गावच्या आरोग्यसेवकाला कामाचा असतो आणि तो नऊ वर्षांच्या मुलीलाही ओळखता येतो. त्याच तासाला सिकंदराबादची हकीकत सांगावी. 20 ऑगस्ट 1897 रोजी तिथे रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीची वाढ सापडली, तीही सूक्ष्मदर्शकाखालीच. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, हे भिंतीवर रंगवलेलं वाक्य मुलं रोज वाचतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि ते सारे दिवस पाण्यात जातात, हे बाटलीत पाहिलं की त्या वाक्याचं कारण त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

या यंत्राच्या मर्यादा मात्र शिक्षकाला नीट माहीत हव्यात, नाहीतर मुलांचा विश्वास उडतो. खोक्यावर '1000 पट' छापलेलं असतं. ते बव्हंशी पडद्यावर चित्र ताणून केलेलं मोठेपण. मोठ्या टीव्हीवर चित्र आणखी मोठं होतं, पण त्यात नवा तपशील काही येत नाही. कंपासपेटीतली पट्टी भिंगाखाली ठेवावी आणि एक मिलिमीटर पडद्यावर किती रुंद दिसतो ते मुलांकडूनच मोजून घ्यावं. गणिताचाही एक सुंदर तास होतो. दह्यातले जीवाणू दाखवण्याचं वचन कोणी देऊ नये. ते मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात, त्यांना रंग द्यावा लागतो आणि प्रयोगशाळेतला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो. कांद्याच्या पेशी दाखवता येतात, पण वरून पडणाऱ्या दिव्यात त्या फिक्या दिसतात. मोबाइलचा पडदा पांढरा उजळून त्यावर बटर पेपरचा तुकडा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकलेल्या पापुद्र्याची काचपट्टी ठेवली, तर पेशींच्या भिंती उठून दिसतात. जास्वंदीचे काटेरी परागकण, फुलपाखराच्या गळून पडलेल्या पंखावरचे खवले, शिळ्या पावावरची बुरशी, नखाखालचा मळ, हे सगळं मात्र या यंत्राच्या आवाक्यातलं.

दुसरा धोका पडद्याचाच. बाई यंत्र चालवताहेत आणि मुलं मांडी घालून नुसती बघताहेत, असं झालं की तास संपल्यावर टीव्ही पाहिल्यापेक्षा निराळं काही उरत नाही. यंत्र मुलांच्या हातात गेलंच पाहिजे. स्वतःचं बोट, सदऱ्याचं कापड, वहीचा कागद, मग किडा. बोट हललं की पडद्यावरचा डोंगरही हलतो. समोर दिसतंय ते चित्र माझ्या हातातल्या याच वस्तूचं आहे, हे हाताला कळावं लागतं. म्हणून सुरुवात कमी मोठेपणापासून करावी. थेट पेशीवर उडी मारली, तर मुलाला ती कुठल्या तरी दूरच्या जगातली नक्षी वाटते.

आणि चित्र काढायला लावावं. बटण दाबून फोटो निघतो हे खरं, पण पाय किती आणि ते कुठून फुटले हे काढताना जेवढं कळतं तेवढं फोटो काढताना कळत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी केलेल्या 'स्मॉल सायन्स' या पुस्तकमालेत बघणं, करून पाहणं आणि चित्र काढणं यांना मानाची जागा आहे. अशा कामाला किती मोल येतं, त्याचं एक उदाहरण पाहा. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या शाळेतल्या 8 ते 10 वर्षांच्या 25 मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केले. रंग आणि त्यांची मांडणी लक्षात ठेवून भुंगे फुलं निवडायला शिकतात, असं त्यांना आढळलं. 2010 मध्ये 'बायोलॉजी लेटर्स' या शास्त्रीय नियतकालिकात या प्रयोगांवरचा निबंध मुलांच्याच शब्दांत आणि त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह छापला गेला. सूक्ष्मदर्शकाचा त्यात काही भाग नव्हता. मुलांच्या प्रश्नांना आणि चित्रांना कोणी गंभीरपणे घेतलं, म्हणून ते घडलं.

जिथे वीज बेभरवशाची आणि संगणक दुर्मीळ, तिथेही वाट आहे. मेरठमध्ये जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात सहकाऱ्यांसह कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक बनवला. हा 'फोल्डस्कोप' 140 पट मोठं दाखवतो आणि त्यावर मोबाइलचा कॅमेरा बसवता येतो. त्यामागचा निबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने फोल्डस्कोप शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेण्यासाठी कार्यक्रम आखला. फोनच्या पडद्याभोवती पाच-सहा मुलं जमली की पुन्हा तोच वाद आणि तीच मोजणी सुरू होते.

काही शाळांत असे सूक्ष्मदर्शक देणगीतून आलेले असतात आणि मुलांच्या हातून मोडतील या भीतीने कुलूपबंद कपाटात राहतात. त्या शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे की ते या जूनमध्ये बाहेर काढा. पहिल्या पावसानंतर डबकी भरतात, शेवाळ धरतं, भिंतींवर गोगलगायी चढतात. मुलांना खिशातून, डब्यातून, रस्त्यावरून जे सापडेल ते आणू द्या, नाव सांगायची घाई करू नका आणि पाहून झालेला जीव जिथला तिथे सोडायला लावा. अळ्यांची बाटली मात्र जमिनीवर ओतून रिकामी करा. आणि काय आणायचं हे पहिल्या दिवशी कोणाला सुचलं नाही, तर मूठभर जुना तांदूळ आणायला सांगा. तो प्रत्येकाच्या घरी असतो.