डोंगरावरचे बिऱ्हाड

गेल्या वर्षभरात आमच्या नात्यातल्या तीन घरांनी एकच प्रश्न विचारला. पाचगणीला स्वस्तात राहता येते म्हणे, हवा चांगली, चित्रकार-लेखकांचा राबता, आम्हीही येऊ का? फोनवर सगळे सांगून होत नाही आणि अर्धे सांगितले तर ऐकणारा फसतो. म्हणून इथे लिहितो आहोत.

या जूनमध्ये आम्हाला इथे पाच वर्षे झाली. त्याआधी आम्ही कुर्ल्याला होतो. एक खोली, तिच्यातच मोरी, भाडे बारा हजार. दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि करारागणिक हजार रुपये वाढ. हे साइनबोर्ड रंगवायचे. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत यांचा हात चालतो. खडू लावलेल्या दोरीने भिंतीवर ओळ मारायची आणि मग नुसत्या नजरेच्या अंदाजाने अक्षरे बसवायची. फ्लेक्स आला आणि हे काम हळूहळू संपले. शेवटी शेवटी हे दुकानदारांना फ्लेक्स टांगून द्यायला जायचे, म्हणजे ज्याने पोट मारले त्याचीच मजुरी.

२०१८ च्या डिसेंबरात महाबळेश्वरला लग्नाला आलो होतो. परतताना भिलारला उतरलो. हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ४ मे २०१७ ला सुरू झाले. घरांच्या ओसऱ्यांत, माळवदावर, देवळात पुस्तकांची कपाटे. या घरात कविता, त्या घरात इतिहास, पलीकडे मुलांची पुस्तके. कुणीही यावे, बसावे, वाचावे. आम्हाला मात्र पुस्तकांआधी भिंती दिसल्या. पंचाहत्तर-एक चित्रकारांनी येऊन गाव रंगवले होते, आणि सगळे हाताने. हे एका भिंतीसमोर इतका वेळ उभे राहिले की आतल्या काकूंनी विचारले, “कुणाला शोधताय का?” जीपमध्ये बसल्यावर हे एवढेच म्हणाले, “इथे अजून ब्रश चालतो.”

आणखी एक कारण होते. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, महाडला धाकट्या दिरांकडे असतात. पाचगणीहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, की पुढे महाड. ऐंशीएक किलोमीटर. मुंबईपेक्षा अर्ध्याने जवळ. अम्मांनाही बोलावले, पण त्या तयार झाल्या नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेनळीत बस कोसळून तिसाएक माणसे गेली होती. “त्या घाटातून मला आणायची असेल तर डोळे बांधून आण,” त्या म्हणाल्या. आम्ही हसलो.

घर शोधताना दोन ठिकाणी आमचे नाव सांगितल्यावर खोली अचानक ‘पाहुण्यांसाठी ठेवलेली’ निघाली. मुंबईत हे अनेकदा झाले होते, त्यामुळे वाईट वाटले तरी नवल वाटले नाही. तिसऱ्या ठिकाणी, पाचगणी आणि भिलार यांच्या मधल्या एका वाडीत, घरमालकीण काकूंनी दोनच गोष्टी विचारल्या. मुले किती, आणि भाडे महिन्याच्या सुरुवातीला देणार की शेवटी. दोन खोल्या, पडवी, भाडे साडेचार हजार.

स्वस्ताची गंमत इथून पुढे सुरू होते. ईद झाली आणि जून २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सामान चढवले. शाळा सुरू व्हायच्या होत्या, दुसरा मुहूर्त नव्हता. आठवड्याभरात पाऊस लागला, धुके दारातून आत आले ते सप्टेंबरपर्यंत गेले नाही. गाद्यांना बुरशी, चपलांना बुरशी, मुलांच्या दप्तरांना बुरशी. काकूंनी सांगितले, घराला बाहेरून प्लास्टिक बांधा, कोळसा भरून ठेवा, तांदूळ चार महिन्यांचा घ्या. हे सगळे मेमध्ये करायचे असते. आम्ही जुलैत केले, दीडपट पैसे देऊन. आणि ज्यासाठी आलो तेच अडले. धुक्यात ऑइल पेंट वाळत नाही. यांनी एका चहावाल्याची पाटी रंगवली, ती नऊ दिवस चिकट राहिली आणि दहाव्या दिवशी अक्षरे ओघळली.

खरे तर पाचगणी वसली ती पावसामुळेच. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तिथे इंग्रजांना बारमाही राहता येईना. म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी थोडा खाली, पूर्वेला, कमी पावसाचा हा माथा निवडला. दांडेघर, गोदवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट ही भोवतालची पाच गावे. म्हाताऱ्या साहेबांनी निवृत्तीनंतर राहावे म्हणून हे गाव, मग हवा चांगली म्हणून निवासी शाळा, मग क्षयाच्या रोग्यांसाठी डॉ. बिलिमोरियांचे आरोग्यधाम. म्हणजे बाहेरून येऊन बिऱ्हाड मांडणारे आम्ही पहिले नव्हे. फक्त आधीच्यांकडे पेन्शन होती.

हिवाळा मात्र छान गेला. नोव्हेंबरपासून स्ट्रॉबेरी सुरू होते, रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या टपऱ्या लागतात, आणि प्रत्येकाला पाटी हवी असते. लाल फळ, हिरवी पाने, खाली ठसठशीत मराठी अक्षरे. फ्लेक्स उन्हाने फिका पडतो, रंगवलेला पत्रा तीन वर्षे टिकतो, हे शेतकऱ्याला बरोबर कळते. शिवाय आम्ही घरी मशीनवर निवासी शाळांच्या गणवेशांचे दुरुस्तीकाम घेत होतो. फेब्रुवारीअखेर हातात पहिल्यांदा चाळीस हजार शिल्लक होते.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. पर्यटक गेले, शाळांनी मुले घरी पाठवली, म्हणजे पाटीही गेली आणि शिलाईही. गावात स्ट्रॉबेरी पिकून पडली होती, न्यायला गाडी नाही. काकूंचे यजमान दोन क्रेट दारात ठेवून गेले. “वहिनी, फेकायचीच आहे, पोरांना द्या.” मुलांनी सकाळ-संध्याकाळ स्ट्रॉबेरी खाल्ली. साखर मिळाली तेव्हा जॅम केला, त्याच जॅमवर रोजे सोडले. त्या वर्षीची ईद चार माणसांची. काकूंनी तीन महिने भाड्याचा विषय काढला नाही. पुढे आम्ही ते फेडले, थोडे पैशांत, थोडे त्यांच्या घराच्या रंगात.

आता २०२१ चा जुलै. हे लिहिल्याशिवाय बाकीचे खोटे ठरेल.

बकरी ईद २१ तारखेला होती. आम्ही महाडला जाणार होतो. पाऊस पाहून अम्मांनीच फोनवर सांगितले, “येऊ नका, पाऊस ओसरल्यावर या.” दुसऱ्या दिवशी फोन लागेना. दिरांचाही नाही, शेजाऱ्यांचाही नाही. महाबळेश्वरात त्या काळात एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री नदी उगम पावते महाबळेश्वरात आणि वाहते महाडवरून. आमच्या डोंगरावर जे कोसळत होते तेच पाणी अम्मांच्या दारात जात होते, आणि आम्ही वर खिडकीत बसून ते ऐकत होतो. तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. आम्हाला बातमी कळली ती आधी नुसती ‘महाड तालुका’ एवढीच. गावाचे नाव कळेपर्यंतचा तो तास आम्ही दोघांनी अजून एकमेकांशी बोलून काढलेला नाही.

आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचला होता. ऐंशी किलोमीटरचे महाड गाठायला आम्ही वाई, पुणे, लोणावळा उतरून खोपोली, पेण, माणगाव असे गेलो. निघालो चौथ्या दिवशी, कारण त्याआधी कुणी गाडी द्यायला तयार नव्हते. अम्मा सुखरूप होत्या. शेजाऱ्यांच्या माडीवर दोन रात्री काढल्या होत्या, सतरा माणसांत. खाली घरात छातीभर चिखल. त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा आत निकाहाचा जोडा होता, त्यातून चिखलाचे पाणी निथळत होते. त्या रडल्या नाहीत. यांना म्हणाल्या, “तुझा डोंगर खाली आला रे.”

ऑगस्टमध्ये अम्मा आमच्याकडे आल्या, त्याच लांबच्या वळशाने. महिनाभरासाठी म्हणून आल्या. सुरुवातीला त्यांना इथे काही रुचले नाही. मासळी शिळी, भात लवकर शिजत नाही, अजान धुक्यात नीट ऐकू येत नाही, बोलायला आपले माणूस नाही. बाजारात आपल्या लोकांची वस्ती आहे, मशीद आहे, पण वाडीपासून चढ आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. काकू मात्र रोज दुपारी यायच्या. दोघींची मैत्री तांदळाच्या भाकरीवरून झाली. काकूंना पाण्यावरची भाकरी जमत नव्हती. आता जमते, अम्मांच्या मते अजून जाड होते.

तर पैशांचा हिशेब असा. भाडे आता सहा हजार. कुर्ल्याची तीच खोली अठरा हजारांना गेल्याचे कळते. पण किराणा इथे महाग, कारण भाव पर्यटकांचा. डॉक्टर साधा असेल तर इथे, अवघड असेल तर सातारा किंवा पुणे. अम्मांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाच फेऱ्या झाल्या, त्यांत सहा महिन्यांचे वाचवलेले भाडे गेले. स्वतःचे घर बांधू म्हणाल तर २००१ पासून हा सगळा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, बांधकामावर बंधने आहेत, आणि ज्या जागा उरल्या त्यांचे भाव आपल्यासाठी नाहीत. ज्यांना यायचे आहे त्यांनी घर पाहायला डिसेंबरात येऊ नये, जुलैत यावे. आणि चार महिने काहीच मिळणार नाही असे धरून हिशेब मांडावा. हे पावसाळ्यात आता घरात बसून लहान पाट्या रंगवतात, शेगडीवर धरून वाळवतात. घराला सतत टर्पेंटाइनचा वास. सवय झाली.

मुलगा इथलाच झाला आहे, पक्का वाडीचा. त्याला कुर्ला आठवत नाही. प्रश्न मुलीचा आहे. ती सहावीत आली होती, आता अकरावीला वाईला जाते, पसरणी घाटाने एसटीने. अक्षरे काढायला ती यांच्याकडूनच शिकली. सुट्टीत भिलारला जाऊन बसते, वाचते कमी, भिंतींवरची चित्रे वहीत उतरवते जास्त. गेल्या महिन्यात जेवताना तिने सांगितले, बारावीनंतर तिला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचे आहे.

आम्ही दोघे गप्प बसलो. हॉस्टेल मिळाले नाही तर मुंबईत मुलीला कुठे ठेवायचे, त्याचे भाडे किती, ते डोक्यात चालू झाले होते. हे रागावले नाहीत, त्यांना तर आनंद झाला होता, पण तोही बोलता येईना.

अम्मा सुपात तांदूळ निवडत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “हे जे. जे. कुर्ल्यापासून किती लांब गो?”

“लोकलने अर्धा तास, दादी,” मुलगी म्हणाली.

अम्मांनी यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा सूप पाखडायला लागल्या.